किती हाल झाले म्हणजे पुरे?

इंग्रजीत अडचणीला शब्दांची वाण नाही. डिफिकल्टी आहे, ट्रबल आहे, प्रॉब्लेम आहे, अ‍ॅडव्हर्सिटी आहे. या घोळक्यात हार्डशिप हा शब्द जरा बाजूला उभा असतो. गणित सुटत नसेल तर ती डिफिकल्टी. तिला हार्डशिप म्हटले तर कोणाच्याही कानाला खटकेल. हार्डशिप म्हणायची तर त्रास लांबलेला हवा, परिस्थितीने लादलेला हवा, आणि पैसा, निवारा, औषधपाणी, आपली माणसे अशा जगायला लागणाऱ्या कशाची तरी उणीव त्यामागे हवी. या शब्दासोबत येणारी क्रियापदेही हेच सांगतात. प्रॉब्लेम सोडवतात, हार्डशिप सोसतात. शब्दातला 'शिप' हा फ्रेंडशिपमधलाच, स्थिती दाखवणारा जुना प्रत्यय आहे. म्हणजे हार्डशिप ही एखादी घटना नव्हे, माणूस ज्या अवस्थेत राहतो ती अवस्था. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ जातो तो 'हाल' हा शब्द. 'अडचण' फार हलकी आहे, आणि 'कष्ट' माणूस आपणहून, कधीकधी अभिमानानेही उपसतो. हाल कोणी आपणहून करून घेत नाही.

शब्दकोशाचे काम इथे संपते. मला बोलायचे आहे ते हा शब्द कायद्यात शिरल्यावर काय होते त्याबद्दल. कर्ज माफ करायचे की नाही, भाडेकरूला घराबाहेर काढायचे की नाही, कर्मचाऱ्याला सवलत द्यायची की नाही, एखाद्या माणसाला देशाबाहेर घालवायचे की नाही, असे कितीतरी निर्णय या एका शब्दाशी येऊन अडतात. तिथे त्याचा अर्थ म्हणजे भाषेची आवड असणाऱ्यांचा विषय उरत नाही; त्यावर कोणाचे घर, कोणाचा संसार अवलंबून असतो. आणि माझी तक्रार अशी आहे की शब्द तोच राहतो, पण त्याचे माप माणूस पाहून बदलते. बळ असलेल्याची थोडीशी गैरसोय हार्डशिप ठरते, आणि ज्याच्या हाती काही नाही त्याला मात्र आपला सर्वनाश झाल्याचे सिद्ध करावे लागते.

हे हवेतले विधान नाही. अमेरिकेच्या दोन कायद्यांत 'अनड्यू हार्डशिप', म्हणजे अवाजवी हाल, असे तेच दोन शब्द आहेत. ते शेजारी ठेवून पाहावेत.

पहिला कायदा १९६४ चा, नागरी हक्कांचा. कर्मचाऱ्याच्या धार्मिक आचरणासाठी मालकाने सोय करून द्यावी, मात्र त्यामुळे मालकाला अनड्यू हार्डशिप होत असेल तर द्यायची गरज नाही, अशी तरतूद त्यात १९७२ मध्ये आली. किती त्रास झाला म्हणजे मालकाला अवाजवी हाल झाले असे समजायचे? १९७७ मध्ये एका विमान कंपनीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लिहिले की किरकोळपेक्षा जास्त खर्च सोसायला लावणे म्हणजेच अनड्यू हार्डशिप. कर्मचाऱ्याला त्याच्या पंथाप्रमाणे शनिवारी काम करायचे नव्हते, एवढाच प्रश्न होता. पुढे अनेक खालच्या न्यायालयांनी हेच वाक्य माप म्हणून वापरले आणि कितीतरी कर्मचाऱ्यांची मागणी त्यावर फेटाळली. २०२३ मध्ये, रविवारी काम न करणाऱ्या एका टपाल कर्मचाऱ्याच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की किरकोळ खर्च पुरेसा नाही. त्या व्यवसायाचा व्याप पाहता खर्चात भरीव वाढ होत असेल तरच ती अनड्यू हार्डशिप. मधे ४६ वर्षे गेली होती.

दुसरा कायदा दिवाळखोरीचा. दिवाळखोरी जाहीर झाली की माणसाची बहुतेक कर्जे पुसली जातात. शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाला १९७६ मध्ये अपवाद केला गेला. पदवी घेऊन लगेच दिवाळखोरीत जाणारे तरुण निघतील, अशी भीती त्यामागे होती. सुरुवातीला ही बंदी पाच वर्षांची होती. तेवढी वर्षे उलटली की कर्ज पुसता येई, आणि त्याआधी पुसायचे असेल तर अनड्यू हार्डशिप दाखवावी लागे. १९९० मध्ये पाचाची सात वर्षे झाली. १९९८ मध्ये वर्षांची मुदतच काढून टाकली. राहिला तो एकच दरवाजा, हार्डशिपचा. २००५ मध्ये बहुतेक खासगी शैक्षणिक कर्जेही याच दरवाजामागे नेऊन ठेवली.

हा दरवाजा किती अरुंद असावा? १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका अपील न्यायालयाने तीन कसोट्या घालून दिल्या आणि त्या देशभर पसरल्या. कर्ज फेडायला लागलो तर किमान राहणीमानही टिकणार नाही, हे दाखवा. ही स्थिती परतफेडीच्या मुदतीत बराच काळ अशीच राहणार आहे, हे दाखवा. आणि आजवर कर्ज फेडण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला होता, हेही दाखवा. या कसोट्या लावताना काही न्यायालयांनी ज्या शब्दांत अपेक्षा मांडली ते शब्द वाचून अंगावर काटा येतो: 'निराशेची खात्री'. कर्जदाराचे भवितव्य अंधारात आहे एवढे पुरत नाही, ते उजळण्याची शक्यताच नाही याची खात्री हवी.

जरा थांबून विचार करावा की हे माणसाला काय करायला लावते. पस्तिशीतली एखादी बाई न्यायालयात उभी आहे. नोकरी मिळावी म्हणून ती धडपडते आहे, कारण धडपडली नाही तर तिसरी कसोटी तिला बाद करील. पण धडपडते आहे म्हणजे तिला काही आशा आहे, आणि आशा आहे म्हटले की दुसरी कसोटी हातची जाते. तिने शपथेवर सांगायचे की माझे शिक्षण वाया गेले, माझ्या आयुष्यात यापुढे काही चांगले घडणार नाही, आणि समोरच्या वकिलाने सिद्ध करायचे की घडू शकेल. किमान राहणीमानाची कसोटी लागली की घरखर्चाची एकेक बाब तपासली जाते. हे सगळे मागायचे तर स्वतंत्र दावा लावावा लागतो, आणि वकिलाची फी देण्याची ऐपत असती तर ती दिवाळखोरीत आली असती का? ज्यांचे हाल खरे आहेत, तीच माणसे हा रस्ता चालू शकत नाहीत.

आता दोन्ही मापे एकत्र पाहा. देश तोच, शब्द तेच. मालकाला २०२३ पर्यंत किरकोळपेक्षा जास्त खर्च आला की अवाजवी हाल. कर्जदाराला मात्र निराशेची खात्री दिल्याशिवाय अवाजवी हाल नाहीत. कायदेपंडित म्हणतील, दोन कायद्यांचे हेतू वेगळे, म्हणून अर्थ वेगळा. हेतू वेगळे आहेत हे मान्य. पण दोन्ही वेळा अर्थ नेमका ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्या बाजूने का झुकला, याचे उत्तर हेतूंच्या वेगळेपणात सापडत नाही.

विशेषणे या कामात मोठा हात देतात. हार्डशिपच्या आधी अनड्यू लावले की काही हाल वाजवी असतात, असे न बोलता कबूल होते. एक्स्ट्रीम लावले की साधे हाल हिशेबातून जातात. याचे सर्वांत कठोर उदाहरण अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात आहे. कागदपत्रांविना राहणाऱ्या माणसाला देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली तर ती रद्द करून घेण्याची एक वाट आहे. १९९६ पूर्वी त्यासाठी सात वर्षांचे वास्तव्य, चांगली वर्तणूक आणि 'एक्स्ट्रीम हार्डशिप' दाखवावी लागे. १९९६ मध्ये सात वर्षांची दहा झाली आणि हार्डशिपला तीन शब्दांचे ओझे आले: 'एक्सेप्शनल अँड एक्स्ट्रीमली अनयुज्वल'. अपवादात्मक आणि कमालीचे असामान्य हाल. त्याहून मोठा बदल मात्र पुढेच आहे. ज्याला हाकलायचे त्याचे स्वतःचे हाल आता मोजायचेच नाहीत. त्याची पत्नी किंवा पती, आईवडील किंवा मूल नागरिक असेल किंवा कायम वास्तव्याचा परवानाधारक असेल, तर त्यांचे हाल तेवढे मोजायचे. वर या वाटेने दर वर्षी ४,००० लोकांनाच जाता येईल, अशी मर्यादा.

२००१ मध्ये स्थलांतर अपील मंडळाने हे शब्द कसे वाचायचे ते सांगितले. जवळचा नातेवाईक देशाबाहेर गेल्यावर कुटुंबाला जे हाल साधारणपणे होतात, त्यांच्या बरेच पलीकडचे हाल असायला हवेत. म्हणजे बाप गेल्यावर मूल रडते, घरातली कमाई थांबते, शाळा सुटते, हे सगळे 'साधारण' या खान्यात पडते. दुःख सर्वांनाच होते, म्हणून ते मोजायचे नाही. मला हा तर्क मुळातच उलटा वाटतो. एखाद्या नियमाने प्रत्येक घराचे हाल होत असतील तर ती नियमाविरुद्धची सर्वांत मोठी साक्ष आहे. इथे तीच साक्ष सर्वसामान्य म्हणून बाजूला सारली जाते, आणि प्रत्येक कुटुंबाला आपल्या शेजारच्या कुटुंबापेक्षा अधिक दुःखी असल्याचे दाखवावे लागते. मूल आजारी असेल तर दावा बळकट होतो. धडधाकट असेल तर दुबळा होतो. कोणत्या आईबापांनी आपल्या मुलाकडे अशा नजरेने पाहावे?

या वृत्तीची मुळे जुनी आहेत. 'हार्ड केसेस मेक बॅड लॉ' हे इंग्रजी वचन वकिलांच्या तोंडी कायम असते. त्याचा एक प्रसिद्ध उगम १८४२ च्या विंटरबॉटम विरुद्ध राइट या इंग्लिश खटल्यात आहे. टपालगाडी सदोष होती, ती मोडली आणि चालक जायबंदी झाला. गाडी पुरवणाऱ्याचा करार टपाल खात्याशी होता, चालकाशी नव्हता, म्हणून चालकाला भरपाई नाकारली गेली. न्यायाधीश रोल्फ यांनी निकालात हार्डशिप हाच शब्द वापरला: या माणसाला दाद मिळत नाही ही हार्डशिप खरीच, पण तिचा प्रभाव आपण स्वतःवर पडू देता कामा नये, कठीण प्रकरणे वाईट कायद्याला जन्म देतात. पुढे काय झाले? १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने आणि १९३२ मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड्स सभागृहाने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, नेमका हाच नियम मोडीत काढला. सदोष वस्तू बनवणारा, करार असो वा नसो, वापरणाऱ्याला जबाबदार असतो हे आज जगभर मानले जाते. चालकाचे हाल कायदा चुकल्याचे सांगत होते. ते ऐकायला नव्वद वर्षे लागली.

व्यापारी करारांत हा शब्द बराच सौम्य वागवला जातो. इंग्लिश कायदा तिथेही कडक आहे खरा. ७८ घरे आठ महिन्यांत बांधून द्यायचा करार करून बावीस महिने लागलेल्या ठेकेदाराला १९५६ मध्ये लॉर्ड्स सभागृहाने सांगितले की केवळ हार्डशिप, गैरसोय किंवा नुकसान यांमुळे करारातून सुटका होत नाही. पण १९९४ मध्ये युनिड्रॉ या संस्थेने आंतरराष्ट्रीय व्यापारी करारांची जी तत्त्वे काढली, त्यांत हार्डशिपचा स्वतंत्र विभागच आहे. अनपेक्षित घटनेने कराराचा तोल मुळापासून बिघडला तर त्रस्त पक्षाने फेरबोलणी मागावीत. जमले नाही तर न्यायालयाने करार बदलावा किंवा संपवावा. पहिल्या आवृत्तीच्या टिपणीत तर खर्च किंवा मोबदला ५० टक्क्यांनी बदलला तर तोल बिघडल्याचे धरता येईल असा आकडाही होता. २००४ च्या आवृत्तीत तो गाळला. कंपनीला आपल्या व्यथेची कहाणी सांगावी लागत नाही. हिशेब मांडला की पुरते. ही सभ्यता चांगलीच आहे; ती माणसांनाही मिळावी, एवढेच माझे म्हणणे.

मिळू शकते, याची उदाहरणे आहेत. भाडेकायद्यातला 'ग्रेटर हार्डशिप'चा नियम मला या शब्दाचा सर्वांत न्याय्य वापर वाटतो. मालकाला घर खरोखर हवे आहे हे पटले, तरी ताबा दिल्याने जास्त हाल होतील की नाकारल्याने, हे न्यायालयाने तोलायचे. इंग्लंडच्या १९७७ च्या कायद्यात तो आहे, महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या सोळाव्या कलमातही आहे, आणि तिथे दोघांपैकी कोणाला दुसरी वाजवी जागा उपलब्ध आहे हेही पाहायला सांगितले आहे. इथे विशेषणांची उतरंड नाही. दोन माणसे, दोघांचे हाल, एकच माप. निकाल कोणाच्या तरी विरुद्ध जाणारच, पण आपले हाल मोजलेच गेले नाहीत, असे हरणाऱ्याला वाटणार नाही. याउलट भारताच्या १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात, करार पाळायला लावल्याने प्रतिवादीला पूर्वी न दिसलेली हार्डशिप होत असेल तर न्यायालयाला हात आखडता घेता येत असे. २०१८ च्या दुरुस्तीने ती मोकळीक काढली. करार पाळले जावेत म्हणून हे केले, हे समजते. तरी एक ऐकणारा कान त्यात बंद झाला.

दुसरे उदाहरण संयुक्त राष्ट्रांचे. तिथे कर्मचाऱ्यांची नेमणूक ज्या ज्या ठिकाणी होते त्या ठिकाणांची हार्डशिपप्रमाणे वर्गवारी असते: मुख्यालयांसारख्या जागांसाठी एच, आणि पुढे ए ते ई अशी चढती श्रेणी. सुरक्षितता, आरोग्यसेवा, शिक्षण, घरे, हवामान, एकाकीपणा हे पाहून ठिकाणाची श्रेणी ठरते आणि त्यावरून भत्ता. ई श्रेणीच्या जागी गेलेल्या कर्मचाऱ्याला मी रात्री झोपू शकत नाही असे कोणाला लिहून द्यावे लागत नाही. परिस्थिती मोजली, म्हणजे हाल गृहीत धरले. हाच या शब्दाच्या मूळ अर्थाशी प्रामाणिक मार्ग आहे, कारण हार्डशिप परिस्थितीत असते. या पद्धतीतही एक खोट आहे आणि ती झाकायला नको. हा भत्ता आंतरराष्ट्रीय पातळीवर नेमलेल्यांना मिळतो. त्याच गावात, त्याच बॉम्बच्या आवाजात राहणाऱ्या स्थानिक कर्मचाऱ्याला नाही. बाहेरून आलेल्याला ती जागा खडतर, आणि तिथल्या माणसाला ती त्याची सवय, असे त्यातून सुचते. सवय झाली म्हणून हाल कमी होत नाहीत.

यावर एक आक्षेप येतोच, आणि तो गंभीर आहे. माप सैल केले तर खोटे बोलणारे पुढे येतील, खऱ्या गरजवंतांचा वाटा खातील, आणि ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांच्यावर अन्याय होईल. खोटेपणा होतो, हे कोणी नाकारू नये. पण कडक कसोटीने खोटेपणा थांबतो असे मात्र दिसत नाही. आपली व्यथा रंगवून, कागद जमवून, वकील लावून मांडू शकणारा माणूस कडक कसोटीतूनही पार होतो. गळतो तो संकोची, थकलेला, शब्द न सापडणारा. खोटेपणा अडवायचा असेल तर परिस्थितीची साक्ष मागावी, जी तपासता येते. उत्पन्न, वय, आजार, बेकारीचा काळ हे तपासता येते. निराशा तपासता येत नाही. ती फक्त वठवता येते.

अमेरिकेच्या न्याय आणि शिक्षण खात्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये शैक्षणिक कर्जांसाठी याच दिशेने पाऊल टाकले होते. सरकारी वकिलांना दिलेल्या सूचनांत कर्जदाराकडून एक ठरावीक निवेदन घ्यायचे होते, खर्च कर खात्याच्या ठरलेल्या प्रमाणांशी ताडायचा होता, आणि काही बाबतींत भविष्यातली असमर्थता गृहीत धरायची होती: वय ६५ किंवा जास्त, अपंगत्व, गेल्या दहांतली पाच वर्षे बेकारी, पदवी अपुरी राहणे, दहा वर्षे हप्त्यांच्या फेऱ्यात असणे. कायद्याचे दोन शब्द तसेच राहिले. विचारायची पद्धत बदलली. ऑस्ट्रेलियाचा ग्राहक पतकायदाही साधा आहे. हप्ते जमणार नाहीत असे कर्जदाराने सावकार संस्थेला तोंडी कळवले तरी ती 'हार्डशिप नोटीस' ठरते. आणखी माहिती नको असेल तर संस्थेने २१ दिवसांत उत्तर द्यायचे आणि नकार दिला तर कारण सांगायचे. बोलण्याची जबाबदारी दुबळ्यावर, पण समजावण्याची जबाबदारी बलवानावर. ही वाटणी मला योग्य वाटते.

म्हणून कोणत्याही कायद्यात, योजनेत, अर्जाच्या नमुन्यात हार्डशिप हा शब्द आला की तीन गोष्टी त्यातच लिहिल्या जाव्यात. कोणती परिस्थिती असली की हाल गृहीत धरले जातील, म्हणजे ते शपथेवर रंगवावे लागणार नाहीत. समोरच्या पक्षाचे हाल कोणत्या मापाने मोजले जातील, आणि ते माप अर्जदाराच्या मापापेक्षा वेगळे असेल तर का. आणि कोणाचे हाल मोजले जातील, यात स्वतः अर्जदार आहे की नाही.

यातली तिसरी गोष्ट सांगण्याचीही गरज पडू नये, पण १९९६ च्या स्थलांतर कायद्याने ती पाडली आहे. १९५२ पासून १९९६ पर्यंत, मधे शब्द कडक झाले, सौम्य झाले, तरी हाकलल्या जाणाऱ्या माणसाचे स्वतःचे हाल कायदा मोजत होता. ते मोजायला सांगणारे तीन-चार शब्द अमेरिकी काँग्रेसने परत घालावेत. एवढ्याने कोणाला आपोआप परवाना मिळणार नाही, ४,००० ची मर्यादाही लगेच उठणार नाही. मात्र वीस वर्षे एका शहरात राबलेला माणूस न्यायाधीशासमोर उभा राहील तेव्हा त्याला आपल्या मुलाच्या आजाराआडून बोलावे लागणार नाही. स्वतःचे काय होणार आहे हे तो सांगू शकेल, आणि न्यायाधीशाला ते नोंदवून घ्यावे लागेल.